विश्लेषण : एकट्याने कयाक भाड्याने घ्यायची, तर जबाबदारी नेमकी कोणाची?

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतले जलाशय काठोकाठ भरलेले असतात आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी पवना, मुळशी, भंडारदरा, तापोळ्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी या गर्दीचा कार्यक्रम काठावरचा तंबू, शेकोटी आणि मोटरबोटीची फेरी एवढाच असे. आता त्यात कयाकची भर पडली आहे. समाजमाध्यमांवर पहाटेच्या धुक्यात एकटा माणूस वल्हे मारत निघाल्याची चित्रफीत दिसते आणि पुढच्या सुट्टीत तशीच कयाक तासाभरासाठी किंवा दिवसभरासाठी मिळेल का, अशी विचारणा सुरू होते. मात्र एका माणसाने, सोबत कोणी नसताना, डोंगरातल्या खोल पाण्यावर नेलेल्या या नावेची सुरक्षितता कोणी पाहायची, याचे स्पष्ट उत्तर आपल्या व्यवस्थेत सापडत नाही. आपले जलवाहतुकीचे नियम प्रवासी बोट समोर ठेवून तयार झाले आहेत आणि कयाकमध्ये प्रवासीच नसतो.

कयाक साध्या होडीपेक्षा वेगळी कशी?

प्रवासी बोटीत तीन गोष्टी असतात : बोट, ती चालवणारा नाखवा आणि बसलेले प्रवासी. अपघात झाला की क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती का, नाखव्याकडे परवाना होता का, बोटीची तपासणी झाली होती का, हे प्रश्न विचारता येतात. एकट्याच्या कयाकमध्ये जास्त माणसे बसण्याचा प्रश्नच नसतो. नाखवा आणि प्रवासी एकच असतो, आणि बहुतेक वेळा त्याने त्याच दिवशी पहिल्यांदा वल्हे हातात धरलेले असते.

कयाकचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात माणूस नावेच्या वर, उघड्या खोबणीत बसतो. अशी नाव उलटली तर माणूस सहज बाहेर पडतो, आत आलेले पाणी तळाच्या भोकांतून निघून जाते आणि थोडा सराव असेल तर पाण्यातून पुन्हा वर चढता येते. दुसऱ्या प्रकारात पाय नावेच्या आत जातात. ती जास्त वेगाने जाते, पण उलटल्यावर तिच्यात पाणी भरते आणि आतून बाहेर पडण्याचा सराव लागतो. पर्यटकांसाठी बहुतेक ठिकाणी पहिला प्रकार किंवा हवा भरलेली रबरी कयाक वापरली जाते आणि ते योग्यच आहे. तरी खोल पाण्यात उलटलेल्या नावेवर परत चढणे काठावरून दिसते तितके सोपे नसते. दोघांच्या नावेत एक जण नाव धरतो आणि दुसरा चढतो. एकट्याला दोन्ही कामे स्वतःच करावी लागतात.

डोंगरातल्या पाण्यावर धोका कुठून येतो?

पहिला धोका वाऱ्याचा. पवना जलाशयाभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे किल्ले आणि त्यांच्या डोंगररांगा आहेत. अशा खोऱ्यांमध्ये सकाळी पाणी आरशासारखे शांत असते. दुपारी उतार तापले की वारा सुटतो आणि खिंडींतून तो एका दिशेने जोरात येतो. सामान्य माणूस कयाक तासाला तीन ते पाच किलोमीटर वेगाने वल्हवतो. वारा पाठीशी असताना समोरचा काठ कधी आला ते कळत नाही. परतताना तोच वारा तोंडावर येतो, हात दमलेले असतात आणि हलकी, उंच तरंगणारी नाव वाऱ्याने आडवी वळते. त्यामुळे ‘जाताना अर्धा तास लागला, म्हणजे येतानाही अर्धा तास लागेल’ हा हिशेब अनेकदा चुकतो.

दुसरा धोका एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वादळांचा. तासाभरात आभाळ भरून येते, वारा दिशा बदलतो आणि विजा पडू लागतात. उघड्या पाण्यावर बसलेला माणूस त्या परिसरातली सर्वांत उंच वस्तू असतो. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब काठ गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये, असा सर्वमान्य नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. पण फोन काठावरच्या पिशवीत असेल किंवा खोऱ्यात नेटवर्क नसेल, तर पाण्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. ती सूचना काठावर कोणीतरी पाहत असावे लागते.

तिसरा धोका जलाशयाच्या घडणीतला आहे. सह्याद्रीतले ‘तलाव’ बहुतेक धरणांमागचे फुगवटे आहेत. बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांचे खुंट आणि मासेमारीची जाळी पाण्याखाली असतात. ऑक्टोबरमध्ये तुडुंब असलेले पाणी मेपर्यंत बरेच खाली जाते आणि काठाशी घोट्यापर्यंत रुतणारा गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी काठापासून दोन पावलांवरच एकदम खोल असते. गेल्या हिवाळ्यात सुरक्षित असलेली जागा उन्हाळ्यात तशीच असेल, याची खात्री नसते.

आजवरच्या दुर्घटनांतून काय दिसते?

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. बोटीतल्या सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्यातील हरणी तलावात सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. तिथे बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये पवना धरणात छोट्या होडीतून गेलेले दोन तरुण बुडाले.

डोंगरातला तलाव किती वेगाने रूप बदलतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या टाहो तलावाचे आहे. २१ जून २०२५ रोजी तिथे अचानक उठलेल्या वादळात सुमारे २७ फुटांची मोटरबोट उलटली आणि दहापैकी आठ जण मृत्युमुखी पडले. टाहोचे पाणी जूनमध्येही अत्यंत थंड असते, सह्याद्रीत तो धोका तितका नाही. पण वाऱ्याचा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. इंजिन असलेली मोठी बोटही जिथे टिकली नाही, तिथे वल्ह्याच्या बळावर चालणाऱ्या नावेकडे वाचण्याचा एकच खात्रीचा मार्ग असतो, तो म्हणजे वारा सुटण्याआधी काठावर असणे.

लाइफ जॅकेट घातले की काम झाले?

लाइफ जॅकेट ही पहिली अट आहे, याबद्दल दुमत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथल्या हौशी नौकाविहारात ५६४ जणांचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण कळलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के बुडाले आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी लाइफ जॅकेट घातलेले नव्हते.

मात्र सगळी जॅकेटे सारखी नसतात. वल्हे मारायला हात मोकळे राहावेत म्हणून कयाकसाठी साधारणपणे ‘५० न्यूटन’ तरंगशक्तीचे जॅकेट दिले जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते पोहता येणाऱ्या, काठाजवळ असलेल्या किंवा मदत हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसासाठी आहे. बेशुद्ध माणसाला पालथ्याचे उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी ते देत नाही. त्यासाठी १०० किंवा १५० न्यूटनची, मानेमागे आधार असलेली जॅकेटे असतात.

म्हणजे कयाकच्या जॅकेटमध्येच एक अट गृहीत आहे : जवळपास कोणीतरी असले पाहिजे. पोहता न येणारा माणूस हेच जॅकेट घालून काठापासून दोन किलोमीटर दूर एकटा जातो, तेव्हा ती अट मोडलेली असते आणि बहुधा ना देणाऱ्याला ते माहीत असते, ना घेणाऱ्याला. जॅकेटचे पट्टे ढिले असतील तर पाण्यात पडताच ते गळ्याशी वर सरकते. ही चूक काठावरच्या माणसाने दोन मिनिटे दिली तरी टळू शकते.

कायदा काय सांगतो?

जुना १९१७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नोंदणी, तपासणी, प्रमाणित कर्मचारी आणि विमा या त्याच्या मुख्य अटी यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी आहेत. यंत्राशिवाय चालणाऱ्या नौकांसाठी स्वतंत्र, सौम्य तरतुदी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्य सरकारे जिल्हा, तालुका किंवा गाव पातळीवर सोपवू शकतात. खेड्यातल्या मच्छीमाराच्या होडीवर जाचक नियम लादले जाऊ नयेत, हा त्यामागचा रास्त हेतू. पण रोज पन्नास अनोळखी शहरी माणसांना भाड्याने दिली जाणारी कयाक त्या होडीच्याच रांगेत जाऊन बसते.

फौजदारी कायद्याचेही तसेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ नुसार, जीव धोक्यात येईल अशा अवस्थेतल्या किंवा जास्त भार भरलेल्या नौकेतून भाडे घेऊन माणसांची वाहतूक केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमाची भाषा ‘वाहतुकी’ची आहे. कयाक देणारा कोणाला कुठे नेत नाही, तो नाव हातात देतो आणि काठावर थांबतो. त्यामुळे मृत्यू झाल्यास तपास येऊन थांबतो तो निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याच्या कलम १०६ वर. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण ते कलम जीव गेल्यानंतर लागू होते आणि तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. काठावर बचाव बोट ठेवणे बंधनकारक होते की नाही, हेच ठरलेले नसेल, तर ती न ठेवणे निष्काळजीपणा होता हे सिद्ध करणे अवघड जाते.

राज्याच्या धोरणात यावर काही उपाय आहे का?

आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे, योग्य साधने, प्रथमोपचार आणि आपत्कालीन योजना ठेवावी, असे त्यात अपेक्षित आहे. मार्च २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील मुनावळे येथे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर सरकारी जलपर्यटन प्रकल्पही सुरू झाला. त्यामुळे सरकारला जलपर्यटन नको आहे, असे म्हणता येणार नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, हे धोरण शासन निर्णयाच्या रूपात आहे, विधिमंडळाने केलेला कायदा नाही. नोंदणी न करणाऱ्यावर थेट कारवाईची धार त्यातून मर्यादितच येते. दोन, पाण्यावरचा अधिकार विभागलेला आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा, लगतचा डोंगर अनेक ठिकाणी वन विभागाचा, काठावरची खासगी जमीन महसूल विभागाच्या नोंदीत, साहसी उपक्रमाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, आणि बुडालेल्या माणसाला शोधायला येतात पोलीस, आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा आणि स्थानिक बचाव पथकांचे स्वयंसेवक. पवनेत आणखी एक पदर आहे. या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवड शहर पिते, त्यामुळे काठावरच्या प्रत्येक उपक्रमाला पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्नही चिकटलेला असतो.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहून दिले तर?

बहुतेक ठिकाणी कागदावर किंवा फोनवर एक संमतिपत्र भरून घेतले जाते : काही झाल्यास आयोजक जबाबदार नाही. धोका समजावून सांगितल्याचा पुरावा म्हणून या कागदाला किंमत आहे. पण त्यावर सही घेतली म्हणून आयोजकाची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतला निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटीच ठरते आणि ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या कराराला आव्हान देता येते. फौजदारी जबाबदारी तर खासगी करारातून माफ करून घेताच येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वारा सुटलाय, जाऊ नका, असे सांगूनही कोणी गेला, जॅकेट काढून सेल्फी घेतला किंवा दारू पिऊन पाण्यात उतरला, तर सगळा दोष आयोजकावर टाकणे न्याय्य नाही. कयाक हा स्वतःच्या जिवावर स्वतः नियंत्रण ठेवण्याचा खेळ आहे. प्रश्न एवढाच, की ते नियंत्रण ठेवण्यासाठी लागणारी माहिती त्या माणसाला दिली होती का.

मग सरसकट बंदी का नको?

मोठी दुर्घटना घडली की जिल्हाधिकारी जमावबंदीसारखे आदेश काढतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात असे निर्बंध लागू झाले. धो धो पावसात ते आवश्यकही असतात. पण वर्षभर सरसकट बंदी घातली की व्यवसाय थांबत नाही, तो दिसेनासा होतो. फलक उतरतो, फोनवरून नोंदणी सुरू राहते, नाव पहाटे किंवा अंधार पडताना पाण्यात जाते. नोंदणीकृत, विमा काढलेला आयोजक बंदी पाळतो आणि दोन जुनी जॅकेटे ठेवणारा टिकतो.

यात स्थानिकांचा प्रश्नही आहे. पवनेच्या काठी तंबू आणि नावा चालवणाऱ्यांत धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांतली मुले आहेत. पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला असताना शनिवार-रविवारचे हे उत्पन्न त्यांच्यासाठी किरकोळ नाही. पाण्याची, वाऱ्याची आणि काठाची सर्वांत चांगली जाणही त्यांनाच आहे. त्यांना प्रशिक्षण आणि परवाना देऊन बचाव पथकाचा भाग करणे हे बंदीपेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरू शकते.

इतर देशांनी काय केले?

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. २२ मार्च १९९३ रोजी लाइम बे येथे एका साहस केंद्रातून समुद्रात कयाक घेऊन गेलेल्या शाळकरी गटातील चार किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाला. गट दुपारी परतायला हवा होता, पण तटरक्षक दलाला कळवायला काही तास उशीर झाला. पुढच्या वर्षी केंद्र चालवणारी कंपनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली आणि तिच्या संचालकाला तुरुंगवास झाला. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने लहान मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. ती घटना समुद्रातली आणि गटाची होती. तरी तिचा धडा एकट्या कयाकलाही लागू पडतो : नावेच्या दर्जाइतकेच, ‘किती वाजता परतायचे आणि न परतल्यास कोणी, किती मिनिटांत काय करायचे’ हे आधी ठरलेले असणे महत्त्वाचे.

भाड्याने घेताना काय विचारावे?

नियम सुधारेपर्यंत पर्यटकाच्या हातात त्याचे प्रश्न आहेत. पर्यटन संचालनालयाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवता येईल का? इंजिन असलेली बचाव बोट काठावर तयार आहे का आणि ती चालवणारा माणूस आत्ता हजर आहे का? नाव किती वजनासाठी आहे? कुठपर्यंत जायचे, त्याची हद्द कोणती? निघण्याची आणि परतण्याची वेळ वहीत लिहिली जाते का? यातल्या एखाद्या प्रश्नावर ‘काही होत नाही हो’ असे उत्तर आले, तर तेच पुरेसे उत्तर समजावे.

स्वतःकडूनही काही गोष्टी हव्यात. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून खांद्याजवळ वर ओढून पाहावे, ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप चुकले आहे. जॅकेटला शिटी बांधलेली असावी. निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर तोच वारा परत आणतो. मधोमध न जाता काठाला धरून राहावे. नाव उलटली तर ती सोडून पोहत निघू नये, कारण तरंगणारी नाव दुरूनही दिसते, पाण्यातले डोके दिसत नाही. एकट्याने दिवसभर जायचेच असेल, तर आधी उथळ पाण्यात मुद्दाम नाव उलटवून पुन्हा चढता येते का, ते पाहावे. चढता येत नसेल, तर त्या दिवशी दोघांची नाव घ्यावी किंवा काठाच्या नजरेच्या टप्प्यात राहावे.

पुढे काय?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने राज्यांसाठी साहसी पर्यटन सुरक्षेच्या आदर्श कायद्यावर काम केले आहे. महाराष्ट्राने स्वतःच्या धोरणाला कायद्याचे बळ द्यायचे ठरवले, तर कयाकसाठी फार मोठी यंत्रणा उभारावी लागणार नाही. जलाशयागणिक एकच जबाबदार अधिकारी, भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नावेला क्रमांक, ठरावीक संख्येच्या नावांमागे एक बचाव बोट, वाऱ्याची मर्यादा ओलांडली की भाडे बंद आणि परतीची नोंदवही, एवढ्या पाच गोष्टी सक्तीच्या केल्या तरी मोठा फरक पडेल. यातली एकही गोष्ट नावेत बसवलेली नाही, सगळ्या काठावरच्या आहेत. कयाकचे भाडे देताना पर्यटक प्रत्यक्षात या काठाचेच पैसे देत असतो. आज अनेक ठिकाणी त्याला फक्त नाव मिळते.